पाकिटातली सुई

लुत्फुल्लाचं, गावाच्या लुत्फलचं, नाव माझ्या दारात काढायचं नाही. काढलंच तर चूळ भरून मग पुढचं बोला.

एकेकाळी मीच त्याला डॉक्टर म्हणायचे. शहरातल्या हॉस्पिटलात दहा वर्षं कंपाउंडर होता, तिथून येताना एक पांढरा कोट घेऊन आला आणि आमच्या गावात पिठाच्या गिरणीशेजारी एक खोली घेऊन डॉक्टर होऊन बसला. टेबलावर लाल औषधाची मोठी बाटली, एक स्टोव्ह आणि काचेचा एक ग्लास. ग्लासात पाणी, पाण्यात तीन-चार सुया उभ्या. एकाला टोचली की ग्लासात बुडवायची आणि दुसऱ्यासाठी तीच काढायची. हे आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पाण्यात बुडवतो म्हणजे धुतो, असंच वाटायचं. वर कौतुक करायचो, किती स्वच्छ माणूस आहे म्हणून.

आमच्याकडे सुईशिवाय औषध झालं असं कुणाला वाटतच नाही. ताप आला, सुई. खोकला झाला, सुई. सुनेशी भांडून डोकं दुखतंय, तरी सुई. गोळी काय, किराणावालाही देतो. जो टोचत नाही तो डॉक्टर कसला, असं आमच्या बायका म्हणायच्या, आणि त्यांत माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. मी हूरां. कालव्यापलीकडे ऐकू जातो माझा आवाज, विचारा कुणालाही.

माझा मुलगा मिठल कराचीला ट्रक चालवतो. महिन्या-दीड महिन्याने दोन दिवस येतो, झोपतो आणि जातो. घरात मी, सून समीरां आणि नात सदोरी. सदोरी म्हणजे नशीबवान. नाव मीच ठेवलं होतं.

समीरां शहरातली, दहावी शिकलेली. सदोरी झाली तेव्हापासून तिचं एकच टुमणं. "अमां, बाकी काय वाट्टेल ते कर, माझ्या मुलीला लुत्फलची सुई नको." तिचा मामा काळ्या काविळीने गेला होता. पोट असं फुगलं होतं म्हणे, आणि शेवटी रक्ताची उलटी. त्यालाही कुठल्यातरी सुईतूनच लागली होती असं ती सांगायची. साधी कावीळ येते, डोळे पिवळे होतात, जाते. ही काळी वर्षानुवर्षं आत बसून राहते आणि कळतसुद्धा नाही, असं काहीबाही ती बोलायची. मी म्हणायचे, हो बाई, तू शिकलेली, आम्ही तर गुरं. चार पोरं वाढवली मी या सुयांवर, चारही बैलासारखी आहेत.

गेल्या थंडीत सदोरीच्या गळ्यात सारखी गाठ यायला लागली. मिठलने आम्हाला कराचीला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, टॉन्सिल काढायला हवेत, आधी रक्त तपासू. दुसऱ्या दिवशी एका बाईडॉक्टरने आम्हाला आत बोलावलं. कागद पुढ्यात ठेवून म्हणाली, "मुलीला काळी कावीळ आहे."

समीरां हसलीच. म्हणाली, "दुसऱ्या कुणाचा कागद असेल, बघा जरा नीट."

कागद आमचाच होता. डॉक्टरणीने विचारायला सुरुवात केली. कधी रक्त चढवलं? नाही. ऑपरेशन? नाही. तुमची स्वतःची तपासणी? समीरांचं रक्त तिथेच घेतलं, ते स्वच्छ निघालं. मग म्हणाली, सुई? समीरां ताठ मानेने म्हणाली, "एकही नाही. सरकारी टोचणीवाले येतात, ते समोर पाकीट फोडतात. बाकी मी आयुष्यात तिला सुई लावू दिलेली नाही."

मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. मी समीरांकडे बघायचं टाळलं.

बाहेर आल्यावर मी तिला सांगितलं. म्हटलं, "एकदाच. तू आईच्या आजारपणात आठ दिवस माहेरी गेली होतीस ना, मागच्या उन्हाळ्यात, तेव्हा. पोरगी तापाने फणफणली होती. मी गोळ्या मागायला गेले होते, गं. मी नको नको म्हणत होते आणि त्या मेल्याने टोचली. म्हणाला, सुईशिवाय उतरणार नाही."

समीरांनी माझा हात धरला. भर रस्त्यात रडली आणि म्हणाली, "अमां, तुझी काय चूक. तो डॉक्टर म्हणवतो, त्याच्यापुढे तू काय बोलणार."

असं मी तिला सांगितलं. खरं काय झालं होतं ते वेगळं, आणि ते ठाऊक असलेली दोनच मोठी माणसं होती, मी आणि लुत्फल. त्या दिवशी त्याने सदोरीचा घसा पाहिला आणि म्हणाला, गोळ्या देतो, तीन दिवसांत उतरेल. मीच कमरेवर हात ठेवून उभी राहिले. म्हटलं, सुई द्यायला हात दुखतो का रे तुझा? गोळ्याच घ्यायच्या तर किराणावाल्याकडे गेले असते, तिथे उन्हात बाकावर तरी बसावं लागत नाही. तो हसला आणि ग्लासातली सुई काढली.

या एका खोट्याने मला काय केलं ते सांगते. माणसाला स्वतःचा राग आला ना, की तो दुसऱ्यावर काढायला फार जोर येतो. मला झोप लागेना. लुत्फलला रस्त्यावर आणायचं, त्याचा कोट उतरवायचा, त्याच्या खोलीला कुलूप लागलेलं बघायचं, त्याशिवाय घास उतरेना. सदोरीला रोज एक गोळी सुरू झाली, बारा आठवड्यांची. डॉक्टरीण म्हणाली, वेळेत सापडलं, बहुतेक बरी होईल. समीरां गोळ्या मोजून द्यायची आणि मी रोज सकाळी जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे. आरोग्य खात्याच्या साहेबाच्या दारात खाली बसायचे. शिपाई म्हणायचा, माई, अर्ज दे आणि जा. मी म्हणायचे, अर्ज म्हणजे मीच, मला आत ने. चौथ्या दिवशी साहेब कंटाळला आणि त्याने पथक पाठवलं.

पथकाने आमच्या बोरीखाली खाट टाकली आणि बारा वर्षांखालची गावातली सगळी पोरं तपासली. बासष्ट पोरं. उड्या मारणारी, कालव्यात डुंबणारी, शेंबूड पुसत ऊस खाणारी. एकाचाही डोळा पिवळा नाही. त्यांतल्या चौदा जणांच्या रक्तात काळी कावीळ निघाली.

आधी कुणाचा विश्वासच बसेना. शेजारची रहमी आपल्या पोराला उचलून दाखवत होती, हा बघा, कालच आंब्यावरून पडला आणि पुन्हा चढला, हा आजारी आहे होय. पथकातली बाई म्हणाली, "अशीच दिसतात, माई. लहानपणी काही कळत नाही. गावोगाव हेच आहे. तुमच्याकडे कुणी तपासलं म्हणून कळलं, एवढंच."

लुत्फलच्या खोलीला कुलूप लागलं. कुलपावर कागद, कागदावर लाखेचं सील. चौदा घरांनी पोलिसांत फिर्याद दिली. त्याला धरून नेलं, अकराव्या दिवशी जामिनावर सोडलं. सील लागलं त्या दिवशी मी गिरणीपाशी जाऊन ते हाताने चाचपून आले. फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी पोटभर जेवण गेलं.

पण गाव ते गावच. महिना झाला आणि कुजबुज सुरू झाली. पोराला रात्री ताप आला तर न्यायचं कुठे? सुई मिळायची तर चौदा मैल. आणि लुत्फल माणूस वाईट नाही, अडल्यानडल्याला उधार औषध द्यायचा. बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं, आपल्यासारखाच अडाणी. हे वाक्य तर मी इतक्यांदा ऐकलं की कान किटले. बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं.

मग वडेऱ्याने, म्हणजे गावच्या जमीनदाराने, डोकं चालवलं. लुत्फलच्या घरच्या बायका एकेका दारात मेड घेऊन जायला लागल्या. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. गुन्हा पुरुषाने करायचा आणि क्षमा मागायला त्याच्या घरच्या बायका येतात. डोक्यावर कुराण, केस उघडे, चादर काढून उंबऱ्यावर टाकलेली. अशी मेड दारात आली की खून झालेला असला तरी माफ करावा लागतो. तुम्ही ती चादर उचलून तिच्या डोक्यावर घालायची, की मिटलं. मेड परतवली असं घर आमच्या सात गावांत नाही. रिकाम्या हाताने मेड परत गेली तर त्या घरचं पाणीसुद्धा कुणी पीत नाही.

एक घर झालं, दुसरं झालं, तेरा घरं झाली. रहमीनेही चादर उचलली. मी तिला विचारलं, तुझा पोरगा काय लुत्फलच्या म्हशीने आजारी पाडला? ती म्हणाली, "अदी, बहिणी, दारात कुराण आलं, मी काय करू. आणि त्याला बिचाऱ्याला—" मी म्हटलं, पुढचं बोललीस तर इथेच तोंडावर भांडं मारीन.

राहिलं एकच घर, आमचं. वडेऱ्याचा निरोप आला. शुक्रवारी, नमाज झाल्यावर, तुमच्या दारात मेड येईल. हूरांने फिर्याद मागे घेतली की सोमवारी सील निघेल.

समीरां चुलीपाशी बसली होती. निरोप्या गेल्यावर शांतपणे म्हणाली, "अमां, तू चादर उचललीस तर मी सदोरीला घेऊन माहेरी जाईन. परत येणार नाही. मिठलला काय सांगायचं ते तू सांग."

"अगं, मी उचलीन असं वाटलं तरी कसं तुला?"

"मेडपुढे सगळेच उचलतात."

"मी सगळी नाही," मी म्हटलं. पण मनातून घाबरले होते. उचलली तर नात जाणार. नाही उचलली तर गाव तोडणार, मिठलचा ट्रकसुद्धा वडेऱ्याच्या जामिनावर घेतलेला. पळून जावं असंही मनात आलं. दार बंद करून बहिणीकडे जाऊन बसावं. पण मी पळाले तर लुत्फल जिंकला, हे काही मला सोसणारं नव्हतं.

शुक्रवारी मी अंगण झाडलं, पाण्याचा माठ भरला, आणि दारासमोर खाट टाकून बसले. बघणाऱ्या बायका आधीच आल्या होत्या. भिंतीवर, बोरीखाली, शेजारच्या छपरावर. ती तेरा घरंही होती. आपण जे केलं तेच हूरां करते का, ते त्यांना बघायचं होतं.

मेड आली. पुढे लुत्फलची आई जीवां, पाठीत वाकलेली. तिच्या मागे सात मुली. लुत्फलच्या, त्याच्या भावाच्या, चुलत्याच्या, जमतील तेवढ्या लहान मुली गोळा केल्या होत्या. म्हातारीला एखादी हाकलू शकेल, सात कुमारिकांना कोण हाकलेल? वडेऱ्याचंच डोकं हे. सगळ्यांच्या डोक्यावर कापडात बांधलेलं कुराण, केस उघडे. सगळ्यांत शेवटी लुत्फलची धाकटी, कूंज. आठ वर्षांची. दोन्ही हात वर करून तिने कुराण धरलं होतं आणि हात थरथरत होते. सदोरीची ही मैत्रीण. खोलीला सील लागेपर्यंत दोघी एका ताटात जेवायच्या.

आठ चादरी उंबऱ्यावर पडल्या.

जीवां म्हणाली, "हूरां, माझ्या पांढऱ्या केसांकडे बघ. माझं पोरगं चुकलं. त्याला ठाऊक नव्हतं. देवासाठी आणि या मुलींसाठी माफ कर."

मी बसून राहिले. समीरां माझ्या मागे दारात उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. भिंतीवरच्या बायका पुढे वाकल्या.

तेवढ्यात सदोरी माझ्या बाजूने निसटली आणि थेट कूंजपाशी गेली. "हात दुखतात का तुझे? मी धरू?" म्हणून तिने खालून हात लावला. कूंजची बाही वर सरकली. दंडावर कापसाचा गोळा, वर चिकटपट्टी.

मी विचारलं, "कूंज, हे काय झालं, बाळा?"

"ताप आला होता. बाबांनी परवा सुई दिली."

"दुकानाला तर कुलूप आहे."

"घरात दिली," ती म्हणाली. "आम्हाला घरातच देतात. पाकिटातली."

जीवां मागे वळून म्हणाली, "कूंज, गप्प राहा."

मी उठले. मी कूंजच्या पुढ्यात खाली बसले आणि हळू आवाजात, म्हणजे माझ्यासाठी हळू, विचारलं, "पाकिटातली म्हणजे कशी गं?"

"नवी. बाबा आमच्यासमोर पाकीट फोडतात, टोचतात, आणि मग सुई वाकवून चुलीत टाकतात. खेळायला मागितली तरी देत नाहीत."

"आणि ग्लासातली?"

"ती गावाची," कूंज म्हणाली. "आम्ही ग्लासाला हात लावला की बाबा मारतात. त्यात रोग असतो म्हणतात."

छपरावरून रहमीचा आवाज आला, अगदी बारीक. "काय म्हणाली ती?"

मी मोठ्याने सांगितलं. सात गावांना ऐकू जाईल असं सांगितलं. "त्याला ठाऊक होतं. स्वतःच्या पोरींना पाकिटातली, आपल्या पोरांना ग्लासातली. बिचाऱ्याला सगळं ठाऊक होतं."

काय सांगू तुम्हाला, त्या क्षणी मला जे वाटलं ते सुख होतं. थंड पाणी डोक्यावर ओतावं तसं. जीवां खाली बसली आणि तिने तोंडावर हात घेतले. भिंतीवरच्या बायका खाली उतरायला लागल्या. तेरा बायका, आपापल्या दारात चादर उचललेल्या, आता त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. लुत्फल संपला होता. त्याच्याच पोरीच्या तोंडाने, त्यानेच पाठवलेल्या मेडमध्ये संपला होता. मी तिथेच थांबायला हवं होतं.

पण माझी हाव. मला अजून हवं होतं. सदोरीला टोचताना त्याने काय केलं तेही सगळ्यांच्या कानांवर घालायचं होतं मला. कूंज त्या दिवशी दुकानातच होती, बाकावर बसून बर्फाचा गोळा चोखत होती, हे मला आठवलं. पुढचं काही आठवलंच नाही. सूड डोक्यात भिनला की माणूस स्वतःच्याच अंगणात आंधळा होतो.

मी म्हटलं, "आणि आमची सदोरी आली होती ना, तापात? तू होतीस तिथे. सांग सगळ्यांना, तिला कुठली सुई दिली बाबांनी?"

"ग्लासातली," कूंज म्हणाली. मग जरा थांबून, खरं सांगायचं म्हणून सांगावं तसं, ती पुढे बोलली. "पण बाबा नको म्हणत होते. गोळ्यांनी उतरेल म्हणाले. तूच भांडलीस ना. सुई द्यायला हात दुखतो का म्हणालीस. आम्ही घरी जाऊन खूप हसलो होतो."

मी मागे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. समीरांचा श्वास मघापासून ऐकू येत होता, तो थांबला.

तेरा बायका होत्या, एकीनेही मला टोमणा मारला नाही. मारणार तरी कशा, त्यांनीही तसंच भांडून टोचून घेतलं असेल पोरांना. मी उंबऱ्यापाशी गेले. सातही चादरी एकेक करून उचलल्या आणि मुलींच्या डोक्यांवर घातल्या. मुलींना पाणी दिलं, गूळ दिला. म्हटलं, "तुम्ही माझ्या लेकी. तुम्ही काही केलं नाही." आठवी चादर जीवांची. ती मी उचलली नाही. म्हटलं, "लुत्फलला माफी नाही. जा, सांग त्याला."

अशी आमच्या गावातली मेड परतवणारी मी पहिली. पण गावाने मला तोडलं नाही. त्याच संध्याकाळी तेरा बायका वडेऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, आमची माफी आम्ही परत घेतो. वडेरा म्हणाला, अशी परत घेता येत नाही. रहमी म्हणाली, साईं, तुमच्या नातवाला ग्लासातली टोचून घ्या, मग बोला. पंधरा दिवसांत लुत्फलचा जामीन रद्द झाला. आता तो जिल्ह्याच्या तुरुंगात आहे. खोलीच्या कुलपावर सील तसंच आहे, मी येताजाता बघते. पूर्वीसारखं पोट भरत नाही.

समीरां माहेरी गेली नाही. मी जीवांची चादर उचलली नव्हती, तिने शब्द पाळला. ती त्या दिवशी फक्त एकच वाक्य बोलली. "कराचीच्या रस्त्यावर मी तुझा हात धरला होता, अमां." त्यानंतर एक अक्षर नाही. भाकरी वाढते, पाणी देते, माझे कपडे धुते. मिठल आला, त्यालाही तिने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तो ओरडला असता, मी ओरडले असते, संपलं असतं.

आठव्या दिवशी मी डोक्यावरची चादर काढली. साठ वर्षांत माफीसाठी कुणापुढे केस उघडे केले नव्हते, सुनेपुढे केले. तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर चादर टाकली आणि उभी राहिले. म्हटलं, "समीरां, मी खोटं बोलले. माझ्यामुळे झालं. मला माफ कर."

सदोरीच्या गोळीची वेळ झाली होती. समीरां हातात पाण्याचा पेला घेऊन आली. चादरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चादर ओलांडून गेली.

सदोरीने गोळी गिळली आणि धावत येऊन चादर उचलायला वाकली. तिला वाटलं माझ्या डोक्यावरून पडली. समीरां आतून म्हणाली, "राहू दे ते. हात लावू नकोस."

लुत्फलला मी जे दिलं नाही, ते तिने मला का द्यावं?

बारा आठवडे झाले. मग आणखी बारा आठवड्यांनी कराचीला रक्त तपासलं. डॉक्टरणीने कागद दाखवला, सदोरीचं रक्त स्वच्छ आहे म्हणाली. समीरां रडली, मिठल रडला, सदोरीने आइस्क्रीम मागितलं. गावातल्या बाकीच्या तेरा पोरांच्या गोळ्याही आता संपल्यात. परवा रहमीच्या पोराला ताप आला, तर तिने चौदा मैल नेलं, आणि तिथे पाकीट समोर फोडायला लावलं. मी शिकवलं तिला ते.

मी अजून रोज सदोरीच्या शाळेच्या वेळेला चादर त्या उंबऱ्यावर टाकते. समीरां ओलांडून जाते. संध्याकाळी मीच ती उचलते, झटकते आणि खुंटीला लावते.